चव गेली, हाव राहिली

अवधूतांनी यदुराजाला सांगितलेल्या २४ गुरूंत मासा आहे. गळाच्या आमिषापायी तो जिवाला मुकतो. उपवासाने बाकीची इंद्रिये आवरतात, रसना मात्र उलट बळावते, असे भागवताचा अकरावा स्कंध म्हणतो.

२०२१ साली कोरोनात माझ्या नाकाला वासच येईना. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच कळते. बाकी चव नाकाचीच. आमच्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी नुसते खारट पाणी लागे. म्हटलं, बरं झालं, रसना आयतीच जिंकली!

कसलं काय! रोज सूनबाईवर चिडायचो, "मसाला घातलास का नाही गं?" बिचारी गप्प आत जायची. जीभ तर मुकी होती. मग मागत कोण होतं?

दीड महिन्याने फोडणीतला लसूण कळला. सूनबाईला अजून काही बोललेलो नाही.