कोवळ्या वयातील लाज

पेडणे तालुक्यातील तुये गावी काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. चवथीच्या दिवसांत शेजारच्या घरी भजन होते. घरातील चौदा वर्षांचा मुलगा अभंग म्हणू लागला. लहानपणापासून गोड गळ्याचा. पण त्या रात्री वरच्या स्वरावर त्याचा आवाज फाटला. मी थट्टेने म्हणालो, "काय रे बाबू, गळ्यात कोंबडा शिरला वाटते?" सगळे हसले. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि उठून परसात गेला. पुढे त्याने गाणेच सोडले. मला पाहून तो वाट बदलू लागला. त्याची आई म्हणाली, "काका, तो म्हणतो, सगळा गाव मलाच हसतो."

मला प्रथम वाटले, केवढा हा अहंकार! गावाला दुसरे काम नाही काय? पण वाचकहो, हा अहंकार नव्हे. या वयात स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात, म्हणून आवाज फुटतो. त्याच सुमारास मनही बदलते. मूल स्वतःकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी अधिकच पाहू लागते. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' असे नाव दिले. किशोराला वाटते, आपण सदैव रंगमंचावर उभे आहोत.

मोठेही यातून पूर्ण सुटत नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, घालण्याची लाज वाटेल असा एका गायकाच्या चित्राचा शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठविले. त्यांना वाटले, जवळजवळ निम्म्या लोकांनी तो ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखणारे चौथाईहूनही कमी निघाले.

मग "तुझ्याकडे कोणी बघत नाही" असे सांगितले की पालकांचे कर्तव्य संपले काय? नाही. त्या रात्री सगळे खरोखरच बघत होते. त्याच्या मनातली भीती मी खरी करून दाखविली. शिवाय ही लाज समूळ उपटावी अशी वस्तूही नाही. जो स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू शकतो, तोच पुढे दुसऱ्याचे दुःख ओळखतो. सदसद्विवेकाचा कोंबही याच मातीत फुटतो. आपण त्याला हसून खुडतो, किंवा धीराने वाढू देतो.

हा धीर कसा असतो, हे टिळकांच्या घराने दाखविले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा 'बालकवी' ठरला. पुढे रेव्ह. ना. वा. टिळकांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. तो फार हळवा होता. लक्ष्मीबाईंनी त्याला आईच्या मायेने सांभाळले. 'स्मृतिचित्रे'त त्याच्या आठवणी आहेत.

मीही शेवटी त्या मुलाकडे गेलो आणि घरच्यांसमोर म्हणालो, "बाबू, त्या रात्री चूक माझी होती." हसलो चारचौघांत, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे योग्य होते. तो काही बोलला नाही. पुढच्या चवथीला तो गायला नाही. पण आरतीच्या वेळी घुमट घेऊन माझ्या शेजारी बसला.

पालकहो, आपल्या घरातील किशोराला आज कोण बघत आहे? निदान आपली नजर तरी त्याला विसावा देणारी असो.