वहीची पूजा नाही, मग वहीत खोटे कसे?



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेत वहीपूजन होते, हे आपल्याला ठाऊक आहे. नवी चोपडी पाटावर ठेवतात आणि तिला हळदकुंकू, फुले वाहतात. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. कॉलेज सांभाळून मी एका ऑफिसात हिशेब लिहिण्याचे काम करत होते. पहिल्या दिवाळीला मी आधीच सरांना जाऊन सांगितले, "सर, मी साफसफाई करीन, फराळाच्या डिश लावीन, पण पूजेला बसणार नाही. मी ख्रिस्ती आहे." सरांनी काहीच वाईट वाटून घेतले नाही. मी घरी येऊन आईला अभिमानाने हे सांगितले आणि रविवारी मंडळीत साक्षही दिली.

मग मार्च महिना आला. एका दुकानाचा नफा जास्त दिसत होता आणि नफा जास्त म्हणजे कर जास्त. माझ्यासमोर कोऱ्या व्हाउचरचे पुस्तक आले. हमाली, रिक्षाभाडे, चहापाणी असे लिहून खर्च वाढवायचा होता. "आणि पेन बदलत राहा, सगळे एकाच हाताचे वाटायला नको," असेही सांगण्यात आले. मी पेन बदलले. काही सह्या तर डाव्या हाताने केल्या.

त्या रात्री नेहमीप्रमाणे पवित्र शास्त्र उघडले. नीतिसूत्रे ११:१ समोर आले. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो आणि पुऱ्या वजनाने तो प्रसन्न होतो, असे तिथे सांगितले आहे. मी पुढे वाचू शकले नाही. ज्या वहीला मी फूल वाहिले नव्हते, त्याच वहीत मी खोटे लिहिले होते. दिवाळीत मी दिलेली साक्ष मार्चमध्ये मीच पुसली होती.

आपल्याला कोणती तडजोड दिसते?

प्रियांनो, तडजोड म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पूजा, प्रसाद, गंडादोरा येतो. तिथे आपण सावध असतो आणि असायलाच हवे. पण जी तडजोड आपल्या शेजाऱ्याला, पाळकांना, घरच्यांनाही दिसत नाही, तिचे काय? "सगळेच करतात," "थोडे अ‍ॅडजस्ट करावेच लागते," या वाक्यांपुढे आपण रोज मान तुकवतो. मूर्तीपुढे वाकत नाही, पण या वाक्यांपुढे वाकतो.

दानीएलाकडे पाहा. त्याला बाबेलास नेले गेले. त्याला बेल्टशस्सर हे नवे नाव मिळाले. खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकावी लागली. त्याने ती मन लावून शिकून घेतली, परक्या राजाची चाकरीही केली. पण राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस यांनी स्वतःला विटाळायचे नाही, हे त्याने मनाशी पक्के केले. त्यासाठी त्याने आरडाओरडा केला नाही. अधिकाऱ्याला विनंती केली आणि दहा दिवस पारखून पाहा म्हटले.

पुढे सहाव्या अध्यायात तोच दानीएल मोठा अधिकारी झालेला दिसतो. त्याचे वैरी त्याच्या कारभारात चूक शोधू लागले. त्यांनी सगळे तपासले, पण एकही दोष सापडला नाही. शेवटी त्याच्या देवाच्या उपासनेतच त्याला पकडावे लागले. तुमच्या-माझ्या वह्या कोणी अशा तपासल्या, तर काय सापडेल?

संस्कृती सोडायची नाही, पाप सोडायचे आहे

याचा अर्थ आपली भाषा, आपली साडी, आपली पुरणपोळी सोडायची असा मुळीच नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी त्यांना घरच्यांचा वियोग सोसावा लागला. पण त्यांनी मराठी सोडली नाही. त्यांची मराठी भजने आजही आपल्या उपासनेत गायली जातात. काय टाकायचे आणि काय जपायचे, हे त्यांना कळले होते.

आपले मात्र अनेकदा उलटे होते. चांगले ते सोडतो आणि वाईट ते जपतो. लग्नाचेच घ्या. "मुलगी विश्वासू हवी, प्रार्थना करणारी हवी," असे आपण म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "पण मूळचे कोणत्या समाजातले?" प्रभुभोजनात एकाच भाकरीचे तुकडे घेतो आणि घरी आल्यावर जात मोजतो. गलतीकरांस पत्र ३:२८ शिकवते की ख्रिस्तात आपण सर्व एक आहोत, मग ती शिकवण लग्नाच्या बैठकीत कुठे जाते? हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तरी "आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला हौसेने जे द्यायचे ते द्या," असे म्हणणारी ख्रिस्ती घरेही आहेत. नाव बदलले म्हणून पाप बदलत नाही.

तुम्ही सोलापुरात असा, सुरतेत असा की इंदुरात, असा प्रसंग आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात मी कोणाशी खोटे बोलत आहे का? यात मी कोणाला कमी लेखत आहे का? यात देवाचा मान मी दुसऱ्या कोणाला देत आहे का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेल, तर मोकळ्या मनाने सहभागी व्हा. एकाचेही उत्तर "हो" असेल, तर तिथेच थांबा.

आज्ञापालनाची किंमत

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, "काल मी केलेली व्हाउचर खोटी आहेत. ती मी करायला नको होती. यापुढे करणार नाही." ते रागावले नाहीत. ते काम त्यांनी दुसऱ्याला दिले. मग माझ्याकडचे काम कमी होत गेले आणि जूनमध्ये मला येऊ नको म्हणून सांगण्यात आले. लगेच दुप्पट पगाराची नोकरी मिळाली, अशी साक्ष द्यायला मला आवडले असते, पण तसे झाले नाही. त्या वर्षीची फी दादाने भरली आणि त्यासाठी स्वतःचा खर्च कमी केला.

म्हणून मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. दहा दिवसांनंतर दानीएलाचा चेहरा टवटवीत दिसला, हे खरे. पण पुढे त्याच आज्ञापालनाने त्याला सिंहांच्या गुहेतही नेले. देवाने त्याला तिथून सोडवले, पण सुटका होईल या अटीवर त्याने प्रार्थना चालू ठेवली नव्हती. परिणाम देवाच्या हाती असतो. आपल्या हाती फक्त आजचे "हो" आणि आजचे "नाही" असते.

कदाचित तुमच्या हातून आधीच चूक झाली असेल. माझ्याही हातून झाली. तरी निराश होऊ नका. जक्कय जकातदार होता, त्याचे हिशेब चांगले नव्हते. प्रभू त्याच्या घरी गेला आणि त्याने उभे राहून लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. प्रभू आधी घरात येतो, मग वह्या सुधारतात. आजच कोणाची तरी माफी मागायची असेल, काही परत करायचे असेल, तर उद्यावर टाकू नका.

चला, प्रार्थना करूया.

हे स्वर्गीय पित्या, लोकांना दिसते तिथे आम्ही तुझे असतो आणि कोणी पाहत नाही तिथे जगाचे होतो, याची आम्हाला क्षमा कर. आमच्या वहीत, आमच्या लग्नघरात, आमच्या बोलण्यात तूच प्रभू हो. "नाही" म्हणण्याचे धैर्य दे आणि ते प्रेमाने म्हणण्याची नम्रताही दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.