वाऱ्यातला दिवा (गीता ६.१९)



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला एकोणिसावा. वारा नसलेल्या जागी ज्योत हलत नाही, तसं योग्याचं चित्त, असं भगवंत सांगतात.

खरं सांगतो, हा श्लोक मला कधी पटला नव्हता. वारा नसलेली जागा आणायची कुठून? गेल्या महिन्यात नोकरी गेली. व्हिसाचे दिवस मोजतोय. आईला सांगितलं नव्हतं.

शनिवारी भर वादळात मिनेसोटातल्या लेक सुपीरियरच्या काठाने स्प्लिट रॉक दीपगृहापर्यंत गेलो. १९०५ च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या किनाऱ्यावर जहाजं फुटली, म्हणून १९१० मध्ये हे सुरू झालं. कड्यावर धड उभं राहवत नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि वारा थांबला. बाहेर लाटा तशाच. पूर्वी इथे रॉकेलवर दिवा जळायचा, भोवती काचांची खोली. भिंग फिरवणारं यंत्र घड्याळासारखं वजनांवर चालायचं; रखवालदार रात्रभर पुन्हा पुन्हा किल्ली द्यायचा.

तेव्हा उलगडलं. वादळ थांबेल असं भगवंतांनी कुठे म्हटलंय? काच आपण बसवायची: नाम, वाचन, रोजचा नेम. आणि किल्ली एकदा देऊन भागत नाही.

अजून एक. काच वारा अडवते, उजेड अडवत नाही. माझं गप्प राहणं ही काच नव्हती, भिंत होती. रात्री आईला फोन लावला. म्हणाली, "आवाजावरून कळलंच होतं रे."

नोकरी अजून नाही. आज सकाळी पोथी मात्र उघडली.

हरि ॐ.