न्यूट्रिनोचं वस्तुमान कुठे शोधावं?

चि. सानिका,


न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, तर अणुकेंद्रक म्यूऑन पकडतं त्या दरात ते दिसायला हवं, असं तू लिहितेस. तर्क बिनचूक आहे. अडतं ते आकड्यांत.

ऋण म्यूऑन इलेक्ट्रॉनच्या 207 पट जड. पदार्थात थांबला की तो केंद्रकाच्या अगदी निकटच्या कक्षेत उतरतो. मग एक तर सरासरी 2.2 मायक्रोसेकंदांत त्याचा क्षय होतो, नाहीतर प्रोटॉन त्याला पकडतो आणि न्यूट्रॉन व न्यूट्रिनो उरतात. कोन्व्हर्सी, पांचिनी आणि पिच्चोनी यांनी हे रोममध्ये तपासलं, तेही 1943च्या बॉम्बवर्षावानंतर उपकरणं व्हॅटिकनजवळच्या एका शाळेत हलवून! लोखंडात ऋण म्यूऑन पकडले जात, कार्बनमध्ये मात्र बहुतेकांचा क्षयच होई. 1947च्या या निकालाने म्यूऑन हाच युकावाने भाकीत केलेला, केंद्रक बांधून ठेवणारा कण, ही समजूत मोडीत निघाली.

आता तुझा प्रश्न. हेलियम-3 ने म्यूऑन पकडला की ट्रिटियमचं केंद्रक 1.9 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट घेऊन निघतं. न्यूट्रिनोच्या वाट्याला सुमारे 103 दशलक्ष येतात. दरावर परिणाम होतो तो वस्तुमान भागिले ऊर्जा, याच्या वर्गाइतका. वस्तुमान एक इलेक्ट्रॉन व्होल्ट धरलंस तरी फरक साधारण 10,00,00,00,00,00,00,000 मध्ये एक. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये हा दर मोजला, सेकंदाला 1496, चूक चारची. म्हणजे पावणेचारशेत एक. आणि अशा प्रयोगात ही अचूकता फार मोठी मानतात. न्यूट्रिनो तीन वस्तुमानांचं मिश्रण असल्यानेही काही बिघडत नाही, कारण तिघांचे वाटे मिळवले की बेरीज जवळपास तीच येते.

म्हणून जर्मनीतला काट्रिन प्रयोग उलट्या टोकाला उभा आहे. ट्रिटियमच्या क्षयात मिळते जेमतेम 18.6 हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा. ती जवळजवळ सगळी इलेक्ट्रॉनने नेली, की न्यूट्रिनोच्या हाती त्याच्या वस्तुमानापलीकडे फारसं काही राहत नाही, आणि तिथे ते जाणवू शकतं. 2025मध्ये त्यांनी कमाल मर्यादा 0.45 इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणली.

तरी म्यूऑनवरचा डाव सोडू नकोस. काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा एखादा अनोळखी जड न्यूट्रिनो या मिश्रणात किंचित जरी असला, तर हेलियमच्या प्रयोगात ट्रिटियमची काही केंद्रकं 1.9 पेक्षा कमी ऊर्जेची, पण सगळी एकाच आकड्यावर, सापडतील.

तुझा,
आप्पाकाका