जे पडताळता येत नाही, ते खरेखोटे असू शकते काय?

जगाला कोणी निर्माता आहे काय? देहाहून निराळा आत्मा आहे काय? जे घडते ते सर्व पूर्वीच ठरलेले असते, की मनुष्याला खरोखर निवड करता येते? अशा प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्रास सत्तामीमांसा म्हणतात. यांची उत्तरे कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाहीत. मग त्यांना खरे किंवा खोटे म्हणण्यात काही अर्थ उरतो काय?

व्हिएन्ना येथील तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांनी ‘नाही’ असे रोखठोक उत्तर दिले. रुडॉल्फ कार्नाप यांनी १९३२ साली, आणि इंग्लंडमध्ये ए. जे. एअर यांनी १९३६ साली हे मत हिरिरीने मांडले. विधान एकतर गणितातल्याप्रमाणे शब्दार्थानेच सत्य असावे, नाहीतर अनुभवाने पडताळता यावे. तसे नसेल तर ते खोटेही नव्हे, निव्वळ निरर्थक होय. एअर यांच्या मते ‘देव आहे’ आणि ‘देव नाही’ ही दोन्ही विधाने सारखीच निरर्थक! परंतु त्यांचा हा नियम स्वतः शब्दार्थाने सत्य नाही, आणि अनुभवाने पडताळताही येत नाही. तो आपल्याच कसोटीला उतरला नाही. १९७८ साली बीबीसीवरून प्रसारित झालेल्या मुलाखतीत, त्या विचारसरणीतले बहुतेक सारे खोटे होते, अशी कबुली खुद्द एअर यांनीच दिली.

हे वाचून कोणी म्हणेल, “उत्तम! आमचे मत कोणी खोडू शकत नाही. आम्ही निर्धास्त आहो.” येथेच सावध राहिले पाहिजे. कार्ल पॉपर यांनी दाखवून दिले की, ‘सर्व पूर्वनियत आहे’ हे मत प्रयोगाने खोडता येत नाही, आणि ‘सर्व पूर्वनियत नाही’ हेही खोडता येत नाही. पण परस्परविरुद्ध अशी ही दोन्ही मते खरी असणे शक्य नाही. म्हणजे अखंडनीयता हा सत्याचा पुरावा नव्हे.

मग पारख कशी करावी? पॉपर सुचवितात की, हे मत कोणता प्रश्न सोडविण्यासाठी पुढे आले, तो त्याने सोडविला काय, की नुसता पुढे ढकलला, हे विचारावे. पूर्वनियतिवाद्याला आपण विचारू : फसविणाऱ्यावर तुम्ही रागावता, ते कोणत्या आधारावर? तो यावर उत्तर देईल. त्या उत्तराचीही छाननी करावी लागेल. हा निर्णय तराजू देणार नाही. न्यायाधीशाप्रमाणे दोन्ही बाजू ऐकूनच तो करावा लागतो, आणि नवी हरकत आली की पुन्हा उघडावा लागतो.

वाचकहो, महाविद्यालयात जाणारा मुलगा किंवा मुलगी असे प्रश्न घरी आणते, तेव्हा “हा श्रद्धेचा विषय आहे, वाद नको” असे म्हणून आपण त्यांना गप्प करतो. त्यामुळे श्रद्धेचे रक्षण होते असे आपणांस वाटते. वस्तुतः आपण तिला खरेखोटेपणाच्या प्रांतातून बाहेर काढून केवळ आवडीनिवडीच्या पंक्तीला बसवितो. जे खोटे ठरण्याचा धोका पत्करीत नाही, त्याला खरे म्हणवून घेण्याचा अधिकारही राहत नाही. म्हणून त्या मुलांना जवळ बसवा, आणि त्यांची हरकत शेवटपर्यंत ऐकून घ्या.