शिष्टाईचे सदुसष्ट दिवस

मे 2025 मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यातला गोळीबार थांबला, आणि तो आपणच थांबवला असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जगाला सांगू लागले. दिल्लीने ते नाकारले. दोन्ही लष्करांचे अधिकारी एकमेकांशी थेट बोलले, मध्ये तिसरा कोणी नव्हता, असे आपल्या सरकारचे म्हणणे. त्या वादात मला पडायचे नाही. पण त्याच सुमारास पुण्यातल्या एका परिसंवादात एका अभ्यासकांनी जे विधान केले, त्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. ते म्हणाले, मध्यस्थाचे आपल्याला एवढे वावडे कशासाठी? यादवी माजली की ती बाहेरच्या दडपणानेच संपते. 1802 मध्ये होळकरांनी पुणे नागवले, तेव्हा या शहराची घडी इंग्रजांनीच पुन्हा बसवून दिली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचे दुःख झाले, कारण ज्या शहरात हे सारे घडले त्याच शहरात त्या वाजत होत्या.

काय घडले होते? मार्च 1800 मध्ये नाना फडणवीस गेले. महादजी शिंदे 1794 मध्ये आणि अहिल्याबाई 1795 मध्ये गेल्या होत्या. ज्यांचा शब्द सगळ्या सरदारांत चालावा असे माणूस उरले नव्हते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने 1797 मध्ये पुण्यातच मल्हारराव होळकरांना मारले आणि त्यांचा तान्हा मुलगा खंडेराव कैदेत ठेवला. 1801 मध्ये पेशवे दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांना हत्तीच्या पायाशी बांधून ठार करवले. त्या दोघांचे भाऊ यशवंतराव दक्षिणेत उतरले ते या दोन जखमा घेऊन. खंडेरावाची सुटका आणि शिंद्यांच्या बरोबरीने होळकरांचा मान, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. त्यांत असे काय होते, जे पुण्याच्या दरबारात बसून तोडता आले नसते?

25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळी. हडपसर, वानवडी आणि घोरपडी यांच्यामधल्या माळावर पेशवे-शिंद्यांची फौज होळकरांपुढे मोडली. बाजीराव सिंहगडाकडे पळाले. त्याच दिवशी पेशव्यांच्या कारभाऱ्याने संगमावर राहणारा इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या हाती एक कागद ठेवला: कंपनीच्या सहा पलटणी द्याव्यात, मोबदल्यात वर्षाला पंचवीस लाखांचा मुलूख तोडून देऊ. या कागदापाशी मला थांबावेसे वाटते. होळकरांशी बोलणे नाही, सरदारांची बैठक नाही, साताऱ्याच्या छत्रपतींना विचारणे नाही. लढाईच्या दिवशीच राज्याचा सौदा पुढे केला गेला.

विजयी यशवंतरावांनी क्लोजला काहीही इजा केली नाही. उलट त्याला बोलावून, पेशवे, शिंदे आणि आपण यांच्यात त्याने मध्यस्थी करावी अशी गळ घातली. बाजीरावांनी पुण्याला परत यावे म्हणूनही निरोप पाठवले. ज्याला आपण यादवीचा मुख्य गुन्हेगार म्हणतो, त्यानेच तडजोडीची वाट उघडली होती, हे त्या परिसंवादात कोणी सांगितले नाही. क्लोजने मात्र मध्यस्थी केली नाही. नोव्हेंबरअखेर तो पुणे सोडून मुंबईला गेला. कंपनीचा गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने डिसेंबरात लंडनच्या संचालकांना पत्र लिहिले, त्यात मराठी राज्यात कंपनीचे हित कायमचे प्रस्थापित करायला ही अत्यंत अनुकूल संधी आहे असा आशय आहे. भांडण मिटवायला निघालेला माणूस भांडणाला संधी म्हणत नाही.

बाजीराव रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असे हिंडत इंग्रजी जहाजातून वसईला पोहोचले. चिमाजीआप्पांनी 1739 मध्ये अपार रक्त सांडून घेतलेली ती वसई. बाजीरावांचे वडील रघुनाथराव यांनी 1775 च्या सुरतेच्या तहात हीच वसई आणि साष्टी इंग्रजांना देऊ केली होती. 31 डिसेंबर 1802 रोजी मुलाने तिथेच तह केला. सहा हजारांची तैनाती फौज कायमची, तिच्या खर्चापोटी सव्वीस लाखांचा मुलूख, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा, आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी नाहीत. हडपसरची लढाई ते वसईचा तह, दिवस सदुसष्ट.

आता शहराची घडी बसवण्याविषयी. लढाईनंतर सुरुवातीला होळकरांनी सैन्याला आवर घातला, पुढे मात्र शहराकडून जबर खंडणी उकळली. हे खरे आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण 20 एप्रिल 1803 रोजी गव्हर्नर जनरलचा भाऊ, सेनानी आर्थर वेलस्ली पुण्यात शिरला तेव्हा होळकर शहर सोडून गेलेले होते. मागे बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव थोड्या फौजेनिशी होते. ते शहर जाळणार ही वार्ता ऐकून वेलस्ली घाईने दौडत आला, आणि अमृतराव काही न जाळता निघून गेले. 13 मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसले. ऑगस्टमध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी इंग्रजांचे युद्ध जुंपले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव. लष्करांनी तुडवलेल्या दख्खनवर 1803-04 चा भीषण दुष्काळ कोसळला. वसईच्या तहावर तर लंडनमध्ये ब्रिटिश मंत्री कॅसलरेने स्वतःच टीका केली होती. आपले अभ्यासक त्याच्याहून अधिक इंग्रजधार्जिणे का असावेत?

इथवर आलेला वाचक म्हणेल, मग परक्याला उंबऱ्याच्या आत घेऊच नये. माझे मन बराच काळ तिथेच थांबत असे. पण सालबाई आड येते. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतरची रघुनाथराव आणि बारभाई यांच्यातली यादवी 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने संपली, आणि मराठे-इंग्रज यांच्यात वीस वर्षे शांतता राहिली. तिथेही परकी सत्ता होतीच. मग फरक कशात होता? सालबाईत इंग्रजांनी रघुनाथरावांना पाठीशी घालणे सोडले. दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक घेऊन कुठे राहायचे ते त्यांनी चार महिन्यांत ठरवावे, त्यानंतर इंग्रज त्यांना कसलीही मदत देणार नाहीत, असे ठरले. तहाचा जामीनदारही घरचाच होता: महादजी शिंदे. दडपण आले, पण परक्याने ते आपल्याच आश्रितावर आणले. वसईत तो आश्रितालाच खांद्यावर बसवून घरच्यांवर चालून आला. मध्यस्थाची पारख मी आता याच एका गोष्टीवर करतो. तो परका आहे की आपला, हा प्रश्न दुय्यम आहे. तो आपल्या लाडक्या पक्षकाराचा हात सोडायला तयार आहे का?

हीच कसोटी आपल्यालाही लावायला हवी. 29 जुलै 1987 रोजी भारताने श्रीलंकेशी करार केला, तेव्हा रेसिडेंटच्या जागी आपण होतो. तमिळ बंडखोरांना आपण आधी आसरा आणि लष्करी प्रशिक्षण दिले होते, आता त्यांनी शस्त्रे खाली ठेवावीत म्हणून दडपण आणले. म्हणजे सालबाईचे सूत्र हाती होते. पण जामीनदार मात्र आपली स्वतःची फौज झाली, आणि ज्यांच्या रक्षणाला ती गेली त्यांच्याशीच लढली. मार्च 1990 मध्ये ती परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान गमावलेले होते. हेतू चांगला होता, हे मी मानतो. त्या बेटावर जबाबदारी घेणारा महादजी नव्हता, आणि तो बाहेरून नेता येत नाही.

पुण्यातही 1802 मध्ये तो नव्हता, हे आपले खरे दुखणे. सातारचे छत्रपती आपण किल्ल्यात कोंडून ठेवले होते. त्यांच्यासमोर पेशवे आणि सरदार सारखेच सेवक ठरले असते. निवाडा करणारी घरची जागा आपणच मोडली, म्हणून संगमावरचा बंगला न्यायासन झाला.

एकदा बसलेले न्यायासन उठत नाही. वसईच्या कलमानुसार गायकवाडांचा हिशेब इंग्रजांच्या निवाड्याखाली आला. 1814 मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर बडोद्याहून पुण्यात आले आणि जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने खुनाचा ठपका ठेवून पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे मागितले. ते ठाण्याच्या किल्ल्यात डांबले गेले आणि 1816 मध्ये निसटले. त्या निमित्ताने 13 जून 1817 रोजी पुण्याचा तह लादला गेला. पेशव्यांनी मराठेशाहीचे प्रमुखपद सोडले आणि इतर दरबारांत स्वतःचे वकील ठेवण्याचा, त्यांचे वकील आपल्याकडे घेण्याचा हक्कही सोडला. त्या दिवसापासून शिंदे, होळकर, भोसले यांच्याशी एक शब्द बोलायचा तरी पेशव्यांना तो एल्फिन्स्टनमार्फतच बोलावा लागणार होता.