स्थैर्याचा हिशेब

एखादी वस्तू जागच्या जागी स्वस्थ आहे, एवढ्यावरून तिच्यावर कोणतेही बल कार्य करीत नाही असे म्हणता येईल काय? प्रश्न पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकातला आहे आणि त्याचे उत्तर नकारार्थी आहे, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु तेच उत्तर माणसांच्या व्यवहारास लावण्याची वेळ आली म्हणजे ते आपल्या सोयिस्करपणे विस्मरणात जाते. या विस्मरणाची किंमत कोण देतो, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी कर्जत-खालापूरच्या मुलखाएवढी चांगली प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. सह्याद्रीचा कडा येथे एकदम कोकणात उतरतो, आणि त्या उतारावर आगगाडी, पाणी, माती व माणसे ही सगळीच कोणत्या ना कोणत्या बलाशी तोल सांभाळून राहिली आहेत.

प्रथम आगगाडीचे उदाहरण घेऊ. बोरघाटातील लोहमार्गाचे काम 1856 साली सुरू झाले आणि 1863 साली तो मार्ग वाहतुकीस खुला झाला. सुमारे 16 मैलांत 1831 फूट चढावयाचे, आणि सर्वांत तीव्र चढ 37 फुटांस एक फूट, असा तो बिकट मार्ग होता. या चढावर 1000 टन वजनाची गाडी असेल, तर तिला मागे खेचणारे उताराचे बल सुमारे 27 टन वजनाइतके भरते. म्हणूनच मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. सगळा भार पुढच्याच इंजिनाने ओढावयाचा म्हटले, तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण यावयाचा. मागून रेटा मिळाला म्हणजे तो हलका होतो. फलाटावर बटाटावडा घेण्यात गुंतलेल्या प्रवाशांना या जोडणीचा पत्ताही नसतो.

गाडी घाट चढू लागते आणि काही वेळाने तिची चाल एकसारखी होते. या वेळी इंजिनांचा जोर उताराच्या व घर्षणाच्या जोराहून अधिक असलाच पाहिजे, असे सामान्य समजुतीला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. गती वाढविताना तो जोर अधिक लागतो खरा. परंतु गती एकसारखी झाली की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात आणि बाकी शून्य उरते. न्यूटनने 1687 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगितलेला नियम हाच. बलांची बाकी शून्य असेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहते. आपल्या डोळ्यांना दिसतो तो केवळ या बाकीचा परिणाम. बेरजेतील आणि वजाबाकीतील मोठमोठ्या रकमा दृष्टीआडच राहतात.

आता तीच गाडी घाट उतरत आहे अशी कल्पना करा. उतार तिला पुढे ओढतो, ब्रेक तिला मागे धरतात, आणि ती शांतपणे, एका चालीने खाली येते. आत बसलेल्या माणसाला वाटते की काहीच घडत नाही. परंतु ब्रेकची पकड थोडी ढिली झाली, तर वेग क्षणाक्षणाला वाढत जाईल. हे ओळखूनच घाटात ठिकठिकाणी कॅच साइडिंग, म्हणजे बेफाम सुटलेली गाडी वळवून चढावर नेऊन थोपविणारे फाटे, बांधलेले आहेत. बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. समतोल म्हणजे बलांचा अभाव नव्हे. समतोल ही बलांनी अखंड चालविलेली राखण आहे.

या नियमातून दोन नैतिक विचार निघतात असे मला वाटते. पहिला गतीविषयीचा. एखादी अनिष्ट रूढी समाजात चालू आहे, म्हणजे तिला कोणीतरी दुष्ट मनुष्य मागून ढकलीत असला पाहिजे, असे आपण समजतो. आणि असा मनुष्य सापडला नाही, म्हणजे दोष कोणाचाच नाही असा निर्वाळा देतो. परंतु एकदा चालू लागलेल्या गोष्टीस चालत राहण्यासाठी नव्या जोराची गरज नसते. विरोध आणि पाठिंबा यांची बरोबरी झाली की पुरे. हुंडा घेणाऱ्या प्रत्येक घरात विचारा, 'आम्ही मागितला नाही, रीतच आहे' असेच उत्तर बहुधा मिळेल. ते उत्तर पुष्कळदा प्रामाणिकही असते. पण मी ढकलले नाही, एवढ्याने गाडी थांबत नाही. ती थांबवावयाची तर उलट बाजूस बलाची बाकी उरली पाहिजे, आणि ती काही काळ टिकली पाहिजे. तटस्थ मनुष्य आपल्या परीने त्या बेरजेत शून्य मिळवितो. शून्य मिळविल्याने रक्कम बदलत नाही.

दुसरा विचार स्थैर्याविषयीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ज्या घरात भांडण ऐकू येत नाही ते घर सुखी, ज्या गावातून तक्रार येत नाही ते गाव समाधानी, असा निष्कर्ष आपण किती सहज काढतो! घरातील शांतता दोन माणसांच्या समजूतदारपणावर उभी असेल, किंवा एकाच माणसाने वर्षानुवर्षे गिळलेल्या शब्दांवरही उभी असेल. बाहेरून दोन्ही घरे सारखीच दिसतात.

खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वाडी होती. तेथपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. 19 जुलै 2023 रोजी रात्री, मुसळधार पावसात, वरचा डोंगर तिच्यावर कोसळला. 27 मृतदेह हाती लागले. 57 माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते. तेथे पूर्वी दरड कोसळल्याची घटना घडली नव्हती, असे विधिमंडळात सांगण्यात आले.

या विधानाचा नीट विचार केला पाहिजे. डोंगर इतकी वर्षे हलला नाही, हे खरे. परंतु त्या सगळ्या वर्षांत त्याचे वजन मातीला खाली ओढीतच होते, आणि मातीच्या कणांचे घर्षण व चिकटपणा तिला धरून ठेवीत होते. पावसाचे पाणी मुरले म्हणजे मातीचे वजन वाढते आणि कणांना एकमेकांवर दाबून ठेवणारा जोर पाण्याच्या दाबामुळे कमी होतो. ओढणारे बल वाढते, धरणारे घटते. या दोहोंत अंतर किती उरले आहे, हे डोंगराकडे नुसते पाहून कळत नाही. पूर्वी काही घडले नाही, हा बाकीचा पुरावा झाला; रकमांचा नव्हे. आणि ज्या वाडीपर्यंत रस्ता पोहोचला नव्हता, तिच्या डोंगराच्या रकमा तपासावयास कोण जाणार?

येथे कोणी आक्षेप घेईल की, माणसे म्हणजे दगडमाती नव्हेत. आक्षेप योग्य आहे. दगडाला आपल्यावरील भार कळत नाही, माणसाला कळतो; दगड आपले बल कोणत्या बाजूस घालावे हे ठरवू शकत नाही, मनुष्य ठरवू शकतो. परंतु या भेदाने आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. शिवाय प्रत्येक समतोल संशयास्पद आहे, असेही मला म्हणावयाचे नाही. वळवणचे धरण पाण्याला थोपवून धरते, म्हणूनच ते पाणी खोपोलीच्या वीजघरात हवे तेव्हा, हवे तेवढे सोडता येते. 1915 सालापासून ते मुंबईला वीज देत आले आहे. त्या समतोलाची मोजणी होते, भिंतीची तपासणी होते, पाण्यास सांडव्याची वाट ठेवलेली असते. चांगला समतोल आणि वाईट समतोल यांतील भेद माझ्या मते येथेच आहे. धरणाऱ्यावर किती भार आहे हे कोणीतरी मोजलेले असते काय, आणि भार वाढला तर त्यास वाट असते काय?

म्हणून कोणाही विचारी मनुष्याने शांतता पाहून संतुष्ट होण्यापूर्वी, ती कोणी धरून ठेवली आहे, आणखी किती काळ त्याला ती धरवेल, आणि त्याच्या बाजूस आपले थोडे बल घालता येईल काय, हे विचारावे. हलल्यावर धावून जाणे ही दया आहे, आणि ती थोर आहे. परंतु न हललेल्या गोष्टीचा हिशेब वेळीच मांडणे हा न्याय आहे. आणि तो मांडण्याचे काम, भार ज्याच्या खांद्यावर नाही त्यानेच आपण होऊन अंगावर घ्यावयास हवे.